केंद्रकाबाहेरचं प्रथिन

भुईगावच्या क्षितिजा नावाच्या मुलीचं डोकं त्या दिवशी असं तापलं होतं, की मुंबईहून घरी आल्यावर तिने चहाच्या कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय झालं गं?" केळीच्या बागेतून नुकतेच आलेले तिचे वडील शांताराम यांनी विचारलं.

"सरांनी माझ्या नावावर खोटं छापायला घेतलंय, बाबा!"

कर्करोगाच्या गाठींतल्या पेशी तपासणं हे तिचं संशोधन. पेशीची बेफाम वाढ रोखणारं एक प्रथिन असतं आणि ते काम करतं पेशीच्या केंद्रकात. गाठीत ते नाहीसंच होतं, असं तिचे मार्गदर्शक परेश सर वर्षानुवर्षं सांगत आलेले. क्षितिजाला मात्र ते सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख दिसत होतं, हिरवं चमकणारं, फक्त केंद्रकाच्या बाहेर. पेशींना लावायचा रंग बदलला, गाठी बदलल्या, तरी तिथेच. आणि सरांनी दोघांच्या नावाने छापायच्या लेखात ठोकून दिलं होतं, 'प्रथिन आढळले नाही.'

"केंद्रकात नाही म्हणजे नाहीच. वाचणाऱ्याला काय फरक पडतो?" ते म्हणाले होते.

"औषध शोधणाऱ्याला पडतो, सर. नसलेलं प्रथिन आणायचं कुठून? पण बाहेर अडकलेलं आत नेता येईल कदाचित."

"तुला पीएचडी करायचीय की भांडण?"

शांतारामांना केंद्रक समजलं नाही, खोटं समजलं. "मग तुझं नाव काढून घे," ते म्हणाले.

"पीएचडी लटकेल."

"लटकू दे. खोट्याखाली सही नको आपली."

तिने नाव काढायला लावलं. सरांनी तिला प्रयोगशाळेतून काढलं. तिला दारात उभं करायला कुणी तयार होईना. अखेर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या विनया मॅडमनी घेतलं, सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं आणि प्रबंधात जे दिसलं तेच छापलं गेलं.

पुढे काही वर्षांनी, दोन हजार पाच साली, परदेशातल्या संशोधकांनी तीच गोष्ट जाहीर केली. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "क्षितिजा, तुझे जुने फोटो पाठव. हे आपण आधीच पाहिलं होतं, असं लिहू."

"आपण?" तिचा आवाज चढला. "मी पाहिलं होतं, सर. तुम्ही 'नाही' लिहिलंत. आधी तो लेख मागे घ्या."

"अगं, जुनं कशाला उकरतेस?"

"तुमच्या 'नाही'वर विसंबून कितीजणांनी शोधणं सोडलं असेल!"

तिने फोन आपटला. आपलं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र संताप आवरत नव्हता. लेख काही मागे घेतला गेला नाही.