बोया बिघडला म्हणे!

मी पिवळा बोया बोलतोय. भर समुद्रात साखळीला बांधलेला, पाण्याचं तापमान किनाऱ्यावरच्या कचेरीला कळवणारा. एका कारखान्यात मला घडवलं, रंगवलं आणि इथे आणून सोडलं. रजा नाही, सुट्टी नाही. डोक्यावर पक्षी येऊन घाण करतात ते वेगळंच. तरी तक्रार नव्हती.

यंदा मी दररोज चढता आकडा कळवू लागलो आणि कचेरीत माझ्या चारित्र्यावर शंका सुरू झाली.

कचेरीचे साहेब आणि तिथली संशोधक हे नात्याने काका-पुतणी. पुतणी म्हणे, पाणी तापतंय, शिंपले मरतील. शिंपल्यांची शेती करणाऱ्यांना आजच कळवा, पिंजरे खोल, गार पाण्यात उतरवू देत. साहेबांचं निदान एकच: "बोया बिघडलाय."

मला बदलायला लाँच आली, तेव्हा दोघांची चांगलीच जुंपली होती.

"अगं, निसर्ग आहे तो! सूर्य आहे, ज्वालामुखी आहेत, समुद्राचा लहरीपणा आहे. आपण कोण?"

"काका, सूर्य काही जास्त तापलेला नाही. ज्वालामुखीची राख उलट थोडा काळ गारवाच देते. समुद्र एखाद्या वर्षी पोटातली उष्णता वर काढतो, मान्य. पण ती पोटात गेली कशी? आपल्या धुरानं अडवलेली बहुतेक सगळी तोच गिळतोय."

"मग गिळू दे की! केवढा मोठा आहे!"

जो निमूट सोसतो त्याच्याच पानात वाढत राहायचं, ही माणसांची जुनी खोड.

मला उचलून लाँचवर टाकलं, नवा बोया पाण्यात सोडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुतणीकडून फोटो काढून घ्यायला साहेब कठड्यावरून वाकले. "पोट दिसू देऊ नकोस गं." तेवढ्यात नवा बोया डुलला आणि साहेब धपकन पाण्यात!

वर ओढलं तर कुडकुडण्याचं नाव नाही. तोंड पुसत म्हणाले, "पाणी केवढं गरम आहे गं!"

"काका," पुतणी शांतपणे म्हणाली, "तुमचं अंग बिघडलं असेल. बदलून घेऊ या."

लाँचचालक तोंड फिरवून हसला. नव्या बोयाचा पहिला आकडा आला, माझ्यापेक्षा जास्तच. साहेबांनी ओल्या कपड्यांतच शिंपलेवाल्यांना द्यायच्या सूचनेवर सही केली, आणि वर स्वहस्ते दोन शब्द घातले: 'नैसर्गिक कारणांमुळे'.

पिंजरे खोल गेले. निम्मे शिंपले वाचले. उरलेले सहीची वाट बघून आधीच गेले होते.

मी आता कचेरीमागच्या भंगारात आहे, 'बिघडलेला' अशी चिठ्ठी मिरवत. जाता जाता एकच मागणं: त्या नव्या पोराला बोल लावण्याआधी कुणीतरी पाण्यात उतरा. ढकलावं लागू नये, एवढंच.