अप्पांच्या विमानामागची वीज

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. नाव भारदस्त असलं तरी रूप साधंच. विटेहून थोडी लांब अशी पत्र्याची पेटी, पाठीला एक छोटा पंखा, पुढे लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज फार तिखट असते. मी ती आत घेतो, तिला मऊ करतो आणि बारा व्होल्टची करून पुढे देतो. एवढंच माझं काम.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर ‘साडेसातशे वॅट’ असा शिक्का उमटला, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग एका कचेरीच्या संगणकांच्या खोलीत माझी रवानगी झाली. तिथे कपाटासारख्या उंच चौकटीत आम्ही बारा भाऊ ओळीने बसलो होतो. नऊ वर्षं मी एकही दिवस रजा घेतली नाही. ना खिडकी, ना ऊन, ना पाऊस. कोणी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. आमची आठवण कोणाला यायची ती फक्त आमच्यापैकी एखादा बंद पडला तरच!

मग एके दिवशी नवी यंत्रं आली. आम्हाला उपसून खोक्यात भरलं. मी ठणठणीत होतो, पण विचारतो कोण? भंगारात गेलो. तिथून एका विमानवेड्या दुकानदाराने मला उचललं. त्याच्या दुकानात छताला छोटी छोटी विमानं टांगलेली होती. त्याने मला झटकून पुसलं, दोन जाड वायरी जोडल्या आणि टेबलाखाली ठेवून दिलं. येणारी गिऱ्हाइकं चकचकीत वस्तू बघायची. माझ्याकडे बघून एक जण म्हणाला, “हे काय, जुन्या टोस्टरचं पोट?” मला फार लागलं ते.

आणि मग एके सकाळी ती बाई आली. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणं हा तिचा धंदा. म्हणजे जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. त्यामुळे सगळे तिला वाइंडरताई म्हणत. तिच्या सोबत तिचे वडील होते, अप्पा. अप्पा सुतार. आयुष्यभर खिडक्या-दारं केली आणि फावल्या वेळात हलक्या लाकडाची विमानं केली, उडवलीसुद्धा. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, पण उजवा हात ऐकेना.

“डॉक्टर म्हणतात हाताला काम द्या, रोज द्या, पुन्हा पुन्हा द्या,” ताई दुकानदाराला सांगत होती. “रबरी चेंडू दाबायला दिला तर यांनी तो मांजराला देऊन टाकला.”

“मांजर तरी खेळेल म्हटलं,” अप्पा म्हणाले.

“रिमोट हातात दिला की मात्र बोटं हलतात. पण पहिलं उड्डाण हात जुळवण्यातच जातं. कुठे जमायला लागतं, तर बॅटरी संपते. आणि आमचा जुना चार्जर ती भरायला साडेतीन तास घेतो! तोवर यांचा हात पुन्हा ताठ.”

दुकानदाराने लगेच एक देखणा चार्जर पुढे केला. डब्यावर ठसठशीत आकडा होता, तीनशे वॅट. “हा घ्या. चार बॅटऱ्या एकदम लावा, तासाभरात सगळ्या तयार.”

ताईने डबा उलटा केला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “इथे बारीक अक्षरात काय लिहिलंय? तीनशे वॅट, पण चोवीस व्होल्ट दिले तर. बारा व्होल्टवर फक्त दीडशे. मग चार बॅटऱ्या तासाभरात कशा भरतील? एकीलाच पंचावन्न वॅट लागतात.”

दुकानदार ओशाळला. त्याने दुसरा चार्जर काढला. दिसायला अगदी ओबडधोबड, पण बारा व्होल्टवरही पुरे तीनशे वॅट देणारा. सोबत तीन जादा बॅटऱ्या आणि चारही एकत्र जोडायची पट्टी. तो ताईला पटला.

“आणि त्याला वीज पुरवायला हा साडेतीनशेचा नवा सप्लाय,” दुकानदार म्हणाला. “बरोबर बसेल.”

“बरोबर बसेल म्हणूनच नको. मोटार कायम शेवटच्या दमावर पळवली की जळते. तशा जळलेल्या मोटारींवरच माझं घर चालतं! यापेक्षा मोठा नाही का?”

दुकानदाराने वाकून मला बाहेर काढलं. माझ्यावरचा शिक्का वाचून ताईचा चेहरा उजळला. पण अप्पा बिचकले. “अगं, एवढा दांडगा लावलास तर बॅटरीत जास्त वीज घुसेल ना! फुटेल ती.”

“नाही हो अप्पा. चार्जर मागेल तेवढीच हा देणार. विहीर मोठी असली म्हणून बादलीत जास्त पाणी मावतं का?”

अप्पांनी डाव्या हाताने माझ्या पाठीवर टकटक केलं, लाकूड पारखावं तसं. “गडी जुना आहे, पण पक्का वाटतो,” ते म्हणाले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कोणी माझं कौतुक केलं होतं!

दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर जाऊ लागलो. तिथे विमानवाल्या मंडळींची एक पत्र्याची शेड होती, एका बाजूने उघडी. आत विजेचा बोर्ड, फरशीचा ओटा, आणि एखादी बॅटरी पेटलीच तर विझवायला कोपऱ्यात वाळूची बादली. मी ओट्यावर बसायचो आणि मला आभाळ दिसायचं. नऊ वर्षं आंधळ्यासारखा राबलेला मी, मला तर अप्पांच्या पिवळ्या विमानावरून नजरच काढवेना.

चार बॅटऱ्या, चार उड्डाणं. मग तासभर चहा, आणि पुन्हा चार. बापलेकीच्या हातात एकेक रिमोट असे आणि दोन्ही एका तारेने जोडलेले. मुख्य रिमोट ताईचा; तिने त्यावरचा स्विच दाबून धरला की विमान अप्पांचं ऐकायचं. अप्पांचा हात चुकला की ताई स्विच सोडायची आणि विमान तिच्या ताब्यात यायचं. विमान उतरवायची वेळ आली की अप्पा स्वतःच म्हणत, “घे गं बाई.” उतरवणं अवघड, तिथे हात जराही चुकून चालत नाही.

असे कितीतरी रविवार गेले. अप्पांची बोटं सुटी होत गेली, आणि माझं मात्र काही खरं नव्हतं. वाळलेल्या गवताची कुसळं, धूळ, कापूस, सगळं पंख्यात साठत होतं. कामाच्या नादात कोणाचं लक्ष गेलं नाही. एका रविवारी पहिली चार उड्डाणं झकास झाली. अप्पा खुशीत होते. बॅटऱ्या लावल्या, आणि पाच मिनिटांतच माझं अंग तापलं, पंखा अडकला. आता पुढे रेटलं तर मी जळणार. मी मुकाट्याने बंद झालो. चार्जर ओरडू लागला.

“गेला वाटतं,” शेजारी बसलेला, विमानवाल्यांपैकीच एक बेकरीवाला म्हणाला. “जुनाच तो. फेकून द्या.”

पुन्हा भंगार?

अप्पा उठले. “जुना म्हणून कोणाला फेकत नाहीत,” ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. “मी काय वेगळा आहे? आधी बघ तरी त्याला काय होतंय.”

ताईने प्लग काढला, मला थंड होऊ दिलं आणि मग ब्रशने, फुंकणीने पंखा मोकळा केला. अप्पाही चिमटा घेऊन बसले आणि जाळीतली कुसळं एकेक करून उपटू लागले. बऱ्याच वेळाने ताईचं लक्ष गेलं.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “चिमटा उजव्या हातात आहे तुमच्या.”

अप्पांनी हाताकडे बघितलं. पुढचं कुसळ उपटलं.

प्लग लावला. मी घरघरत सुरू झालो. तासाभरात चारही बॅटऱ्या भरल्या. तीन उड्डाणं झाली, तिन्ही वेळा ताईने विमान उतरवलं. चौथ्यांदा विमान मैदानाच्या टोकाला वळलं, तेव्हा अप्पा म्हणाले, “तार काढ.”

“अप्पा, नको. तार असू दे, मी नुसतं धरून ठेवते.”

“तू धरलंयस म्हटलं की हात आळस करतो. काढ.”

ताईने एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा विमानाकडे, आपला मुख्य रिमोट त्यांच्या हातात दिला आणि तार ओढून काढली. शेडमधले सगळे उठून उभे राहिले. पिवळं विमान खाली आलं, डगमगलं, सावरलं. चाकं टेकली, एक उसळी, मग दुसरी, आणि कड्डकन एक चाक निखळून विमान गवतात थांबलं.

“चाक गेलं!” बेकरीवाला ओरडला.

“जाऊ दे!” अप्पा लहान मुलासारखे हसत होते. “नवं करीन. आता करता येईल मला!” ताई हसत होती की रडत होती, मला लांबून कळलं नाही. बेकरीवाल्याने मात्र आणलेली सगळी बिस्किटं सगळ्यांना वाटून टाकली.

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. वस्तू घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, बारीक अक्षरंही वाचा. आम्हाला दमापेक्षा जास्त पळवू नका, महिन्यातून एकदा तरी आमची धूळ झटका. बॅटरी भरत असताना तिला एकटं सोडून जाऊ नका, शेजारी बसा. आणि तुमच्या घरात कोणी हरवलेली गोष्ट पुन्हा शिकत असेल, तर त्याच्याही शेजारी असेच बसा. पण तो तार काढ म्हणाला, की काढा.