फ्यूजच्या पायातली चांदी

मी एक जुना फ्यूज आहे, तोही उडालेला. मित्रांनो, अंगाने लाल, नखाएवढा, पाठीवर दहाचा आकडा. एका मोटारीत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ एक काळी डबी असते, तिच्यात मी राहत होतो. संशय घेणं हेच माझं काम. झेपेल त्याहून फार जास्त वीज आली, की आपण वितळायचं आणि तिची वाट तोडायची. असा धंदा असल्यावर कोणावर विश्वास ठेवणं मला परवडणार होतं?

हा स्वभाव जन्मापासूनचा. कारखान्यात आमच्यातल्या काही भावंडांना मुद्दाम जाळून पाहिलं. ती वेळेवर जळाली, म्हणून उरलेले आम्ही सगळे पास! मला स्वतःला कोणी काहीच विचारलं नाही. तेव्हापासून ‘पास’ या शब्दावरही माझा फारसा भरवसा नाही.

मोटारीत माझ्याकडे मागचे लाल दिवे होते आणि पुढचे लहान दिवे. काम हलकं होतं. तरी मी डोळ्यात तेल घालून बसायचो. शेजारचा रेडिओचा फ्यूज सदा खुशीत असे. मला त्याचाही संशय यायचा. इतकी वर्षं राबलो, पण ‘आपला फ्यूज काय छान चालतोय’ असं कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आमची आठवण येते ती आम्ही उडाल्यावरच.

मोटार चालवणारी बाई दूध संकलन केंद्रावर तपासनीस होती. पहाटे निघायची आणि दिवसभर लोकांच्या कॅनमधलं दूध तपासायची. कोणी शपथेवर सांगितलं तरी नळीत ओतून बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. मला ती घरच्यासारखी वाटायची.

तिचा नवरा शिंपी. त्या वर्षी धुकं फार पडायला लागलं, तसा त्याच्या जिवाला घोर लागला.

“अगं, तुला रस्ता तरी दिसतो का सकाळी? पुढे दोन पिवळे दिवे लावून टाकू,” तो म्हणाला.

हौस खरी होती, माया खरी होती. पण मदतीला आला बाईचा धाकटा भाऊ. तोंडात कायम च्युइंगम, आणि सगळ्या जगाचं ज्ञान आपल्याला आहे असा थाट. घरात त्याला उस्ताद म्हणत. हे नाव त्याला थट्टेने दिलं होतं, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

“दाजी, वेगळं बटण कशाला? वेगळा फ्यूज कशाला? लहान दिव्यांच्या फ्यूजलाच जोडू. ते लागले की हेही लागतील!”

मला उपटलं, माझ्या एका पायाला नव्या तारेचं टोक गुंडाळलं आणि परत खोबणीत दाबून बसवलं. तार इंजिनकडे न्यायला मधल्या पत्र्याला भोक पाडलं आणि त्यातून ती तशीच ओढली. मित्रांनो, हा शिंपी शर्टाच्या प्रत्येक काजाला चारी बाजूंनी टाके घालणारा माणूस. कापलेली कड उघडी राहिली तर त्याला जेवण गोड लागत नाही. पण त्या पत्र्याच्या धारदार भोकाला एक रबर लावावं, एवढं त्याला सुचलं नाही. दिवे लागले. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

त्या दिवसापासून मी तापू लागलो. जळण्याइतका नाही, पण तिथे सुखाने बसणं अशक्य होईल इतका. शिवाय इंजिन हललं की ती तार पत्र्यावर घासायची, आणि ते घासणं माझ्या पायापर्यंत पोचायचं.

बाई एकदा म्हणाली, “अहो, कसलातरी वास येतोय.”

“नवीन तारांचा असतो, जाईल,” नवरा म्हणाला.

ती मात्र रोज गाडीत शिरताना नाक वर करून वास घेऊ लागली.

आणि एका धुक्याच्या सकाळी तारेचं कातडं फाटलं. उघडं तांबं पत्र्याला टेकलं. विजेचा असा लोंढा आला, की विचार करायला वेळच नव्हता. मी वितळलो. जे करायला जन्मलो ते केलं. पण उस्तादाच्या जोडणीमुळे माझ्याबरोबर गाडीचे मागचे लाल दिवेही गेले. मागून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि तो हातभर अंतरावर थांबला.

“बाई, दिवे कुठेत मागचे? दिसलाच नाहीत तुम्ही!” ट्रकवाला खाली उतरून ओरडला.

तिने गाडी रस्त्याच्या पार कडेला घेतली आणि घरी फोन केला. नवरा आणि उस्ताद मोटारसायकलवरून धावत आले. उस्तादाने मला उपटून उजेडात धरलं.

“फ्यूज उडालाय, बाकी काही नाही.” मग त्याने खिशातून च्युइंगम काढलं, ते तोंडात टाकलं आणि त्याच्यावरची चांदी, म्हणजे तो चकचकीत कागद, माझ्या दोन्ही पायांभोवती गुंडाळली. मला परत दाबलं. दिवे लागले!

मित्रांनो, मी मेलो होतो आणि माझ्या अंगावरून वीज बिनदिक्कत चालली होती. ती कितीही वाढली तरी आता मला अडवता येणार नव्हतं. पहारेकऱ्याला मारून त्याचा गणवेश चोराला घालावा, तसं झालं. मला भयंकर लाज वाटली.

“पण उडाला कशामुळे?” बाईने विचारलं.

“जुना झाला असेल, ताई. तुला ना, सगळ्यात पाणीच दिसतं.”

“असतं म्हणून दिसतं. बरं, काही झालेलं नाही ना? मग तुम्ही दोघं बसा आत आणि चालवा. मी मागून मोटारसायकलवर येते.”

नवऱ्याने उस्तादाकडे पाहिलं. उस्तादाने च्युइंगम चघळणं थांबवलं. दोघांपैकी कोणी पुढे होईना. शेवटी नवऱ्याने बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन हललं, तार पत्र्यावर टेकली आणि डबीखालून धूर निघाला. त्याने किल्ली बंद करेपर्यंत बाईने पलीकडच्या दारातून आत वाकून, पदर हाताला गुंडाळून मला खेचून काढलंही होतं. चांदी काळी पडली होती.

नवऱ्याने ती चांदी माझ्या पायांवरून सोलून काढली. मग म्हणाला, “तुला यातून पाठवणार होतो मी.”

नंतर गॅरेजमध्ये सगळं नव्याने झालं. पिवळ्या दिव्यांना वेगळी तार, वेगळा फ्यूज, वेगळं बटण मिळालं. पत्र्याच्या भोकाला रबर मात्र नवऱ्याने स्वतः बसवलं, काजाची कड तपासावी तसं चारी बाजूंनी बोट फिरवून. माझ्या जागी नवा लाल फ्यूज आला. तो संशयी असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

मी आता बाईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकतो. कोणी “काही होत नाही, चालेल” म्हणालं, की तिचा अंगठा माझ्यावरून फिरतो.

मित्रांनो, आम्ही उडालो तर आम्हाला खुशाल फेकून द्या, आम्ही रागावणार नाही. पण उडालो का, हे आधी शोधा. आणि तोवर आमच्या पायात चांदी घालू नका. आम्ही तुमच्यासाठीच मेलेलो असतो.