भर किनाऱ्यावर आडवा

ऑस्ट्रेलियाच्या होम आयलंड बेटावर पहिल्या लेकराचं नाव आईबापालाच चिकटतं. त्यामुळे अझरिन घर सोडून पर्थला गेला, तरी गावासाठी बाप हा पाक अझरिन आणि आई ही माक अझरिनच. सहा वर्षं कुणी हाक मारली की बाईच्या काळजाला चटका बसायचा. आणि पोरगा गेला कशापायी? बापाच्या रागापायी! दुसरं काय? रागावला की हा माणूस ताटं भिरकावायचा, दारं आपटायचा.

यंदा ईदला अझरिन आला, बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन. आल्या आल्या त्यानं बजावलं, "आई, बाबांनी एकदा जरी हात उगारला ना, तर परवाच्या विमानानं निघालो. मग बोलावू नकोस."

रोज्यांचा महिना नवऱ्यानं राग आवरून निभावला होता. पण आता रोजे संपले होते, आणि आज होड्यांची शर्यत! माक अझरिन सकाळपासून नवऱ्याच्या मागे मागे.

व्हायचं तेच झालं. शेवटच्या वळणावर पाक वाहिननं आपली होडी थेट याच्या होडीवर घातली. डोलकाठी काडकन मोडली. दोन वर्षं खपून स्वतः बांधलेली होडी! पाक अझरिन ती ओढत किनाऱ्याला आला, तेव्हा त्याचे डोळे लालबुंद झाले होते. माफी मागायची सोडून पाक वाहिन दात काढत म्हणाला, "होडी सांभाळता येईना, पोरगा सांभाळता आला नाही. त्याचं नाव कशाला मिरवतोस रे?"

पाक अझरिनची मूठ वर गेली. अझरिननं लेकीला उराशी धरलं आणि बापाकडे पाठ फिरवून घराकडे निघाला.

आणि पाक अझरिन धप्पकन वाळूत बसला.

"ऊठ की! घाबरलास होय?" पाक वाहिन म्हणाला.

बसून भागेना, तसा पाक अझरिन सरळ उताणा आडवा झाला. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत. किनाऱ्यावर हशा पिकला. "अगंबाई, एवढ्यात दमला!"

"हसा, खुशाल हसा!" माक अझरिन कडाडली. "पैगंबरांनीच सांगितलंय, राग आला तर खाली बसा, तरी जाईना तर आडवे व्हा. आहे तुमच्यात कुणाची छाती, भर गावासमोर असं पडायची? माझ्या नवऱ्याची आहे!"

पाक वाहिनचे दात आत गेले. "चुकलो मी. माफ कर बाबा," तो पुटपुटला.

"थांब जरा," पाक अझरिन डोळे न उघडता म्हणाला. "अजून उतरायचाय."

आता हसला तो अझरिन. तो माघारी आला, वाळूत गुडघे टेकले आणि लेक अलगद बापाच्या ओल्या छातीवर ठेवली.

"धरा हिला बाबा. मी डोलकाठी बघतो. नवी करायची म्हणजे पंधरा दिवस तरी लागतील."