बत्तीस पुड्या

मी एक खल. चिनी मातीचा, बाहेरून गुळगुळीत, आतून जरा खरबरीत, ओंजळीत मावेल एवढा. माझा जोडीदार बत्ता, त्याची लाकडी मूठ दोनदा बदललेली. गोळीची पूड करणं हे आम्हा दोघांचं मिळून एकच काम. ते आम्ही एकेचाळीस वर्षं केलं. त्यानंतर सहा वर्षांनी आणखी आठ दिवस केलं, ते करायला नको होतं. त्या आठ दिवसांसाठीच मी तोंड उघडलंय, नाहीतर माझ्यासारख्याचं आयुष्य ते काय सांगायचं?

माझा मालक कंपाउंडर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका लहानशा खिडकीआड उभा असायचा. डॉक्टरांची चिठ्ठी आली की गोळ्या माझ्यात पडायच्या आणि बत्ता फिरू लागायचा. पूड झाली की नाही हे तो डोळ्यांनी पाहत नसे, कानांनी ओळखे. खरखर संपून नुसती सरसर उरली की हात थांबलाच. मग कागदाचे चौकोन मांडायचे, पूड सारखी वाटायची, पुड्या बांधायच्या. त्याच्या हातची पुडी कधी सुटली नाही. लोक त्याला 'पुडीवाले' म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडायचं.

पुढे सगळी औषधं तयार पाकिटांत येऊ लागली. म्हातारे डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. निघताना त्याने फक्त आम्हा दोघांना मागून घेतलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे लोढणं कशाला आणलंत?"

"लोढणं काय म्हणतेस? अर्धं गाव बरं केलंय यानं."

"आणि उरलेलं अर्धं? ते पुड्या न घेताच बरं होतं!"

तो हसला आणि त्याने मला फडताळाच्या वरच्या फळीवर उपडं ठेवलं. तिथे मी सहा वर्षं धूळ खात होतो. पण स्वयंपाकघरात राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं.

बायकोच्या हातून कप पडू लागले, शब्द अडखळू लागले. डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि मग कॅन्सरच्या कॅप्सूल आल्या. रोज सकाळी उपाशीपोटी दोन, असे पाच दिवस. नंतर तेवीस दिवस सुट्टी, मग पुन्हा पाच दिवस. बाटलीबरोबर इस्पितळाने हातमोज्यांचं खोकं दिलं आणि पाठपोट छापलेला, घडीचा एक मोठा कागद.

ते घेऊन आला त्या दिवशी तो लेकीला मोठ्या खुशीत सांगत होता, "सिस्टर मला शिकवायला लागली! म्हटलं, बाई, मी याच धंद्यातला. चाळीस वर्षं औषधंच हाताळली. तर म्हणते कशी, बरं झालं काका, मग तुम्हाला काय सांगायचं! आणि पुढच्याला हाक मारली."

लेक आईच्या शुश्रूषेला आली होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, दुसरा महिना चालू होता. आई तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "तेवढं बघून जाते मी. मग काय व्हायचं ते होऊ दे." घरातलं सगळं जगणं त्या एका वाक्याला टांगलेलं होतं.

पहिली खेप नीट पार पडली. दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी कॅप्सूल आईच्या घशात अडकली. ठसका, डोळे पांढरे, ओठ निळे. लेकीने पाठीत थापट्या मारल्या तेव्हा ती कशीबशी बाहेर आली. कंपाउंडर भिंतीला टेकून उभा होता. मग त्याने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

खरं सांगू? मला आनंद झाला. सहा वर्षांनी कुणाला तरी माझी आठवण झाली होती.

त्याने टरफलं उघडून आतलं औषध माझ्यात ओतलं. फार हलकं होतं ते. बत्त्याच्या पहिल्याच फेऱ्याला धुरासारखं वर आलं. त्याला शिंक आली. लेक शेजारच्या ओट्यावर चहा गाळत होती, तिनेही नाकाला पदर लावला. मग पुड्यांना कागद हवा म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. औषधाच्या बाटलीबरोबर आलेला तो मोठा कागद त्याच्या हाती लागला. गुळगुळीत, पूड न चिकटणारा. असा कागद शोधून मिळत नाही. त्याने त्याचे चाळीस चौकोन कापले.

दिवसाच्या दोन कॅप्सूलच्या चार पुड्या व्हायच्या. मधात कालवून बोटाने चाटवायच्या. दुसऱ्या खेपेचे उरलेले तीन दिवस आणि तिसऱ्या खेपेचे पाच, हा हिशेब मी अजून विसरलेलो नाही. आई म्हणायची, "जीभ भाजते हो." तो म्हणायचा, "कडू असतं तेच औषध." आणि रोज लेक मला नळाखाली धरायची. तिची उघडी बोटं माझ्या खरबरीत तळावरून फिरायची, कडेला चिकटलेली पूड नखाने खरवडायची. आईच्या उलटीची चादरही ती तशाच हातांनी धुवायची. हातमोज्यांचं खोकं पिशवीत बंद होतं.

आठव्या दिवशी शेवटची पुडी उलगडताना लेकीची नजर कागदावर थबकली.

"बाबा, हा कागद कसला?"

"औषधाबरोबर आलेला. का गं?"

"वाचला होता तुम्ही?"

"अगं, भीती घालायला छापतात ते. डोकेदुखीच्या गोळीच्या कागदावरसुद्धा मरण लिहिलेलं असतं."

तिने तो चौकोन त्याच्यापुढे धरला. त्यावर 'गरोदर स्त्रियांनी हे औषध' एवढंच होतं, पुढचं कापलेलं. खणात आठ कोरे, म्हणजे न वापरलेले, चौकोन उरले होते. ते तिने जमिनीवर मांडले. एकावर होतं 'हाताळू नये'. दुसऱ्यावर 'कॅप्सूल उघडू किंवा'. तिसऱ्यावर 'श्वासावाटे गेल्यास'. कंपाउंडरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पण वाचायला वाकला नाही.

लेकीने इस्पितळात फोन लावला. सिस्टरचा आवाज खोलीभर घुमत होता.

"काका, कॅप्सूल कोण उघडतं?"

"मी."

"आणि भांडं कोण धुतं?"

लेक म्हणाली, "मी धुते. चौथा चालू आहे मला. आता पाचवा लागेल."

मग सिस्टर भराभर सांगू लागली. ताई, तुम्ही आधी त्या खोलीतून बाहेर व्हा, साबणाने हात धुवा. काका, हातमोजे घाला. खल आता धुऊ नका, दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि इकडे आणा. आईंच्या उलटीचे कपडे वेगळे ठेवा, हातमोज्यांशिवाय कुणी हात लावू नका. "गिळता येत नव्हतं तर एक फोन करायचा होता हो. आम्ही दुसरा काहीतरी मार्ग काढला असता." आणि शेवटी म्हणाली, "मीही त्या दिवशी पुढचं सांगायला हवं होतं."

तपासण्या झाल्या. लेकीने डॉक्टरांना एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं: आज सांगता येत नाही, बघत राहू. आईचं तोंड सोलून निघालं होतं, रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या, गाठ वाढली होती. कॅप्सूल नीट पोटात गेल्या असत्या तर वाढली नसती का, हेही कुणाला सांगता आलं नाही. आईने पुढचं औषध घ्यायचं नाकारलं. नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाली, "माझं झालं ते झालं हो. पण तिचं..." पुढे जीभ वळली नाही. त्यानंतर पोटावर हात फिरवायला तिने लेकीला जवळ बोलावलं नाही.

लेकीला तिचा नवरा घेऊन गेला. दाराशी तिची पिशवी उचलायला कंपाउंडर पुढे झाला, तर तिने पिशवी मागे ओढली. रागाने की भीतीने, मला कळलं नाही. तो तसाच दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला, जणू ते कुठे ठेवावेत हेच त्याला सुचत नव्हतं.

आत्ता मी इस्पितळाच्या काउंटरवर आहे. दोन पिशव्या, वर चिकटपट्टी. बत्ता माझ्या पोटाशी आडवा पडलाय. इथून आमची रवानगी धोक्याच्या कचऱ्यात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याच्या तळाशी असलं काही मुरलंय, त्याने कुणाच्या ओट्यावर परत जाऊ नये.

तुमच्या घरात असं औषध असेल, तर माझं एवढं ऐका. ते कुटू नका, उघडू नका, उघड्या हाताने धरू नका. घरात पोटुशी बाई असेल तर तिला त्याच्या आसपास फिरकू देऊ नका. कागद कापण्याआधी वाचा. आणि गिळता येत नसेल तर हातात कितीही कसब असलं तरी आधी विचारा. माझ्या मालकाच्या हातात कसबाची कमी नव्हती. मायाही कमी नव्हती.

सिस्टर पिशवीवर चिठ्ठी लावतेय. कंपाउंडर काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "लेकीला काही होणार नाही ना?"

एकेचाळीस वर्षं लोकांनी त्या छोट्या खिडकीतून त्याला हेच विचारलं होतं. मान वर न करता, पुडी बांधता बांधता तो दर वेळी म्हणायचा, "काही होत नाही, जा." त्या तेवढ्या शब्दावर माणसं निर्धास्त घरी जायची.

सिस्टरने मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. ती तसं म्हणाली नाही.