देवाच्या वाटची मूठ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला पोचा, बुडाला गंज, अंगावर डाख देऊन सांधल्याच्या खुणा. तरी मित्रांनो, मला भंगारात काढायची घाई करू नका. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती, तेव्हा औरंगाबादच्या छावणीत वहाब टिनवाल्यानं रॉकेलचा रिकामा डबा कापून मला घडवलं आणि शेजारच्या दगडाबाईला दिलं. "पाणी ओतून बघा बाई, थेंब गळायचा नाय," तो म्हणाला.

दगडाबाई ख्रिस्ती. भाकरीचं पीठ मळण्याआधी एक मूठ प्रभूच्या नावानं बाजूला काढायची आणि रविवारी देवळात नेऊन द्यायची, ही त्यांच्यातली चाल. चर्चला ती देऊळच म्हणायची. ती मूठ माझ्यात पडे आणि तिच्याबरोबर एक छोटी प्रार्थनाही. एकदा पाळकसाहेब भर उपासनेत म्हणाले, "दगडाबाईंची मूठ कधी चुकत नाही." त्या दिवशी ती ताठ मानेनं घरी आली. खरं सांगायचं तर मीही जरा फुगलो होतो.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. लोकांना खायला नव्हतं, तिथं नवे डबे कोण घेणार? वहाबचा हातोडा गप्प झाला. एका संध्याकाळी त्याची बायको सगीरा वाडगं घेऊन दारात आली. "बाई, पोरांपुरतं पीठ द्या. सकाळधरनं चूल पेटली नाय."

घरातल्या पिठाच्या भाकरी होऊन, खाऊन संपल्या होत्या. मी मात्र गळ्यापर्यंत भरलेला. दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलं, घुटमळली आणि म्हणाली, "हे देवाचं हाय, सगीराबी. ह्याला हात लावता येत नाय."

सगीरा रिकामं वाडगं घेऊन परत गेली. भिंतीपलीकडून तिच्या धाकट्या गुलशनचं रडणं ऐकू येत राहिलं. मला घडवणाऱ्याची लेकरं उपाशी आणि मी भरल्या पोटी कोनाड्यात! फार लाज वाटली.

त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं राहिलं, पण मागणं संपलं. सगीरानं पुन्हा कधी चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नाही. शेजारणीला हे फार लागतं. दगडाबाई रोज मूठ काढायची, पण प्रार्थनेत भाकरीचा शब्द आला की तो गाळून पुढं जायची.

वय झालं. वहाब वारला. दगडाबाईचे गुडघे गेले, देऊळ लांब पडलं. मूठ काढणं तिनं सोडलं नाही, पण ती पोचवायला घरच्या सुनेला सवड नव्हती. एका सकाळी झाकण उघडलं, तर पिठाला जाळी धरलेली, आत अळ्या वळवळत होत्या. "देवा, तुझं म्हणून लेकरांना दिलं नाय, आन् आता किड्यांना चारलं!" म्हणून ती रडली.

मग तिनं मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. सून वैजापूरला माहेरी गेलेली, त्यामुळं दळण आणलेलं नव्हतं आणि घरात दुसरं पीठ नव्हतं. मला काखेत मारून, काठी टेकत ती सगीराच्या दारात गेली. पहिल्यांदाच मागायला.

"सगीराबी, पीठ हाय का गं? आन् त्या साली मी चुकले. देवाचं नाव पुढं केलं आन् तुझी लेकरं उपाशी निजवली."

सगीरानं माझ्याकडं पाहिलं. "उपाशीच निजली होती," ती म्हणाली. "मी इसरले नाय, बाई."

दगडाबाईची मान खाली गेली. सगीरानं मला तिच्या हातातून ओढून घेतलं आणि आतून काठोकाठ भरून आणलं. "डबा माझ्या माणसाच्या हातचा हाय. रिकामा कसा धाडू?"

त्या पिठाची भाकरी दगडाबाईनं त्याच दिवशी थापली.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी मूठ काढायला माझ्यात हात घातला, तोच दारात सगीरा उभी. हातात तेच वाडगं. "काल सगळंच तुम्हाला दिलं. आता माझ्याकडं नाय."

दगडाबाईचे डोळे भरून आले. "हे देवाचं हाय," ती म्हणाली आणि मला सगीराच्या वाडग्यात उपडं केलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, गंज चढू देऊ नका, एवढं तर मी मागेनच. पण दारात रिकामं वाडगं आलं, तर मला तसाच कोनाड्यात बसवून ठेवू नका. मी पत्र्याचा आहे, माझं झाकण मला उघडता येत नाही.