तांबड्या मातीची बुट्टी

भिंतीवरची गदा नंतर बघा. तिच्याखाली, टेबलाच्या आडोशाला बघा. मी एक लोखंडी बुट्टी बोलतेय. पुण्याकडचे पाहुणे मला घमेलं म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म एकसष्ट सालचा, उद्यमनगरातल्या एका शेडमधला. माझ्या जोडीच्या बुट्ट्या वाळू-सिमेंट वाहायला गेल्या. मला रुद्राप्पा वस्तादांनी त्यांच्या तालमीसाठी उचललं. तालमीत बायकांना उंबऱ्याच्या आत यायची बंदी. वस्तादांची लेक चन्नम्मा रोज ताकाची कळशी घेऊन यायची, तीसुद्धा दारातूनच माघारी जायची. मी मात्र थेट कुस्तीच्या हौदात! खोटं कशाला बोलू, याचा मला भारी तोरा होता.

ताक लागायचं हौदातल्या तांबड्या मातीसाठी. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. भरमाप्पा पैलवान हे सगळं माझ्यात मातीबरोबर कालवायचा आणि हौदभर पसरायचा.

पुढं तालमीचं छप्पर बसलं, पैलवान पांगले. चौऱ्याहत्तर साली गदा, मुद्गल, लंगोट, तसबिरी सगळं या संग्रहालयात आलं. भरमाप्पा इथं राखणदार झाला आणि मला सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आला.

लोक यायचे, काचेतून बघायचे, "बरं हाय" म्हणून पुढच्या दालनात जायचे. भरमाप्पाच्या जिवाला फार लागायचं. दत्तोपंत हे इथले साहेब. वासानं माणूस भारावतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि दालनात चंदनाच्या उदबत्त्या लावल्या. झालं! दुसऱ्याच दिवशी गगनबावड्याच्या धोंडुबाईंनी मुद्गलाला हळदकुंकू वाहिलं, आणि त्यांच्या मागच्या पाहुण्यानं व्यायामाच्या दगडावर नारळ फोडला. लंगोटापुढं हात जोडलेली माणसं बघून दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला.

"सायेब, देवळाचा वास केला तर लोक देऊळच समजणार की," भरमाप्पा म्हणाला. "हितं तालमीचा वास पायजे."

जुन्या हौदातली माती आणून त्यानं माझ्यात कालवली आणि मला इथं ठेवलं. मग मी जे बघितलं ते काय सांगू! माणसं दारातच थबकायला लागली. आवाज आपोआप खाली यायचे. कुणी न सांगता चपला बाहेर निघायच्या. जन्मात कधी शड्डू न ठोकलेले कारकून छाती भरून श्वास घ्यायचे आणि एकेका तसबिरीपुढं उभे राहायचे. इतकी वर्षं मी ही माती वाहिली, पण तिच्यात एवढं बळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी थक्क झाले.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी जयसिंगपूरहून चन्नम्मा आली. तिचेही केस पिकलेले. म्हाताऱ्या वस्तादांना हाताला धरून आणलं होतं. दोन वर्षं त्यांनी कुणालाच ओळखलं नव्हतं.

"मला बाई म्हणून हाक मारत्यात, भरमाण्णा," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा माझं नाव घ्यावं, एवढंच मागणं हाय."

भरमाप्पानं गदा काढून बाहेर व्हरांड्यात आणली. "वस्ताद, ही कुणाची?" ते नुसते बघत राहिले. चन्नम्मानं मान खाली घातली. मग भरमाप्पा त्यांना दालनाच्या दाराशी घेऊन आला.

वस्तादांच्या नाकपुड्या फुलल्या. पाठ ताठ झाली. त्यांनी चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत पाऊल टाकलं. मागोमाग चन्नम्मा निघाली, तसे ते गर्रकन वळले.

"चन्नम्मा! हितंच थांब. आत यायचं न्हाय. ताक भरमाकडं दे आन् घरला जा."

"व्हय अप्पा," चन्नम्मा म्हणाली. तिनं दोन्ही रिकामे हात पुढं केले. नसलेली कळशी भरमाप्पानं जपून धरली आणि खाली ठेवली. चन्नम्मा उंबऱ्याबाहेर बसून रडत होती, हसत होती. माझा तोरा त्या क्षणी गळून पडला.

आज वस्ताद नाहीत. माझा तळ गंजलाय, माती झिरपते. नवे साहेब मला मोडीत काढायचं म्हणतात. काढा. पण माती दुसऱ्या बुट्टीत भरा. आणि पावणं, तुमच्याबरोबर लेक आली असेल तर तिला आधी आत येऊ द्या.